लांब धाग्याचा कापूस

पौषातल्या सकाळी कूलर चिवचिवला आणि उत्तमरावांच्या हातातली बशी कलंडली. चहा लेंग्यावर सांडला. आदिलाबादच्या थंडीत कूलरचं कुणी नाव काढत नाही; दिवाळीला त्याच्यावर जुनी चादर टाकायची, ती होळीला काढायची, आणि मधले महिने त्याने व्हरांड्याच्या कोपऱ्यात मुकाट उभं राहायचं, ही या घरातली रीत. आज तो उभा नव्हता. पाठीवर आडवा पडला होता. त्याचा पंखा निघाला होता, मोटर निघाली होती, बाजूच्या जाळ्यांतलं गवत निघालं होतं, आणि पोटात पिवळा उजेड घेऊन तो चिवचिवत होता. उत्तमराव उठले नाहीत. उठून बघायला जाणं म्हणजे त्या गोष्टीला मान देणं. त्यांनी बशी खाली ठेवली, लेंगा झटकला आणि बसल्या जागेवरून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "हे काय लावलं?"

"पिल्लं हायेत, मामाजी," मयूरी आतून म्हणाली. "काल सांगतलं नाई का तुमाले."

सांगितलं होतं खरं. पण सून सांगते ते ऐकायचं असतं, हे उत्तमरावांना अडुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता त्यांना एकेक आठवायला लागलं: महिला संघमच्या दहा बायका, एक दिवसाची चाळीस गावरान पिल्लं, एकवीस दिवस उबेत वाढवायची आणि मग दहा घरांत चार-चार वाटून द्यायची. संभाळायला तिघी तयार होत्या, त्यांतून बायकांनी हात वर करून मयूरीला निवडलं होतं. हा घाणा नीट उतरला तर पुढचं दर खेपेचं काम तिच्याकडेच येणार होतं. बिघडला तर पुन्हा कुणी तिच्याकडे बघणार नव्हतं. काल जेवताना हे सांगताना तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या बाईला कोंबडीच्या पिल्लांसाठी दहा बायकांनी हात वर केले याचं एवढं अप्रूप वाटावं! उत्तमरावांना त्याच वेळी हसू आलं होतं, आणि ते त्यांनी वरणाच्या घोटाबरोबर गिळलंही नव्हतं. मयूरी बेला गावची. तिचं शिक्षण सातवीपर्यंत मराठीत आणि पुढे तेलुगूत झालेलं, म्हणजे उत्तमरावांच्या मते दोन्हीत झालेलं नव्हतं. गेले पंधरा दिवस ती मोबाइल उभा करून तेलुगूतले व्हिडिओ बघत होती. त्यात कुणी लुंगीवाला माणूस खोक्याला भोकं पाडायचा, आणि ही बया पोळ्या लाटता लाटता मान हलवायची. आता त्या मान हलवण्यातून हे निघालं होतं. त्यांचा कूलर उलटा पडला होता.

भारत अंघोळ करून टॉवेलाने डोकं पुसत बाहेर आला, कूलरमध्ये डोकावला आणि हसला. भारतचं हसणं बापाचंच होतं, नाकातून येणारं. फक्त त्याला धार नव्हती. बस डेपोत कारकुनी करून करून त्याची सगळी धार बोथटली आहे, असं उत्तमरावांना वाटे. मुलगा कुणाला घालूनपाडून बोलत नाही याचं त्यांना मनातून दुःख होतं. "एकवीस दिवसाचा तर खेळ हाय, बाबा," तो म्हणाला. "राहू द्या."

"खेळ हाय तर खेळासारखी अटबी पायजे," उत्तमराव म्हणाले. "चाळीसातली पाच मेली तं चालतीन. पाचाच्या वर एक जरी मेलं तं दुकान बंद. कूलर जसा व्हता तसा करून ठेवाचा."

पाच कुठून आले, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. चौतीस वर्षं, आधी भैंशाच्या आणि मग आदिलाबादच्या जिनिंग मिलमध्ये, ते कापसाचे ग्रेडर होते, आणि कापसात पालापाचोळा थोडा धरूनच चालावा लागतो, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. थोडी घाण चालते. त्याच्या वर गेली की माल परत. भारत "मंजूर" म्हणाला आणि शर्ट घालायला आत गेला. मयूरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. न बोलणं म्हणजे हो, असा उत्तमरावांचा आयुष्यभराचा समज होता. तो त्यांनी तिच्या सासूवर, मालनबाईवर, घोटून पक्का केला होता.

भारत ड्यूटीवर गेला, मयूरी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तेव्हा ते उठले. हात मागे बांधून कूलरपाशी गेले. खरं तर त्यांना एका गोष्टीची खात्री होती आणि त्या खात्रीने त्यांना सकाळपासून आतून गुदगुल्या होत होत्या. हिने एलईडी बल्ब लावला असणार. आजकाल दुसरं मिळतं काय? तो उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लं लख्ख उजेडात गारठून मरतील आणि ही बसेल व्हिडिओ मागे-पुढे करत. हे सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पण बल्ब जुना होता. शंभर वॅटचा, तारेचा, हात धरवत नव्हता इतका तापलेला. नंतर कळलं की त्यासाठी ती सात दुकानं हिंडली होती आणि शेवटी जुन्या बस स्टँडमागच्या एका म्हाताऱ्याने माळ्यावरच्या धुळीतून दोन काढून दिले होते. बल्ब आडव्या काठीवरून दोरीने सोडला होता आणि दोरीला मापाने गाठी मारल्या होत्या. थंडी वाढली तर एक गाठ खाली, पिल्लं वाढली तर एक गाठ वर. तळाला भाताचं तूस चांगलं चार बोटं पसरलेलं, त्यावर वर्तमानपत्र. पाण्याच्या ताटलीत गोटे टाकलेले, पिल्लू पडून बुडू नये म्हणून. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. उत्तमरावांना फसवल्यासारखं वाटलं. मग त्यांचं लक्ष वर्तमानपत्राकडे गेलं. ते त्यांचं होतं, परवाचं, अजून न वाचलेलं, आणि संपादकीयावर एक पिल्लू शी करत होतं. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

पिल्लांकडे त्यांनी पाहिलं ते या समाधानाच्या भरात. पिवळी, तपकिरी, दोन-तीन काळपट. यंत्रात उबवलेली, खोक्यात भरून बसने आलेली. कोंबडी कशी असते हे त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं आणि तरी प्रत्येकाचा सूर असा, की आपल्यावाचून जगाचं अडलं आहे. त्यांना किळस आली. ओठांच्या कोपऱ्यातून त्यांनी जो आवाज काढला तो जिनिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. गाड्यांची रांग लागलेली असायची, बैलांच्या घुंगरांचा आणि ट्रॅक्टरांचा गोंधळ, हवेत तंतू, आणि उत्तमराव ढिगापाशी यायचे. उजवा हात ढिगात कोपरापर्यंत घालायचे, आतला कापूस ओढून काढायचे, सरकीवरून चिमूट सोडवून दोन अंगठ्यांत धरून विलग करायचे. धागा किती लांब, किती ताकदीचा, ओल आहे का, कवडी म्हणजे किडका, तुटक धाग्याचा कापूस किती, हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं. मग ती चिमूट ते खाली सोडायचे आणि एकच शब्द बोलायचे. त्या शब्दावर माणसाच्या वर्षाचं काय ते ठरायचं. ते कधी दुसरा शब्द बोलले नाहीत आणि कधी वर बघितलं नाही. माणसाचं तोंड बघितलं की हात चुकतो, असं ते नव्या पोरांना शिकवायचे. एकदा बेल्याकडचा मारोतराव म्हणून एक जण, पागोट्याचा, हाडकुळा, त्याच्या ढिगातली चिमूट त्यांनी "कवडी" म्हणून टाकली आणि पुढे निघाले. मागे वळून पाहिलं तर मारोतराव वाकून ती चिमूट उचलत होता. उचलून त्याने ती बंडीच्या खिशात ठेवली, वरून थोपटलीसुद्धा. एवढा ढीग परत न्यायचा, आणि हा चिमूट जपतो! हा किस्सा उत्तमरावांनी चहाच्या टपरीवर पुढे कित्येक वर्षं सांगितला. मारोतराव खिसा कसा थोपटतो हे करून दाखवताना लोक हमखास हसायचे.

दोन दिवस चिवचिवाट चालू राहिला. उत्तमरावांनी कानात कापूस घातला आणि मग तो काढला, कारण मयूरीने ते पाहिलं तरी काही म्हटलं नव्हतं. एक पिल्लू पहिल्याच रात्री मेलं होतं, तिने ते परसात पुरलं आणि सकाळी चहा देताना आपण होऊन सांगितलं, "एक गेलं, मामाजी." त्या सांगण्यात रडणं नव्हतं. उत्तमरावांनी पाचातून एक वजा केलं. "चार राह्यले," एवढं ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. हाडं गोठवणारा वारा सुटला, आणि नेमकं त्याच दिवशी संघमची मीटिंग. चंचल म्हणून त्यांची कुणी लीडर होती, तिने पशू दवाखान्याच्या डॉक्टरला बोलावलं होतं, लशीचं समजावून सांगायला. जिच्याकडे पिल्लं तिने तर यायलाच हवं होतं. मयूरी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा ती त्यांच्या खुर्चीपुढे उभी राहिली. तिला हे विचारणं किती जड जात होतं ते त्यांना दिसत होतं, आणि ते बघायला त्यांना बरं वाटत होतं.

"मामाजी, पाच वाजेलोक येतो मी. घंट्याघंट्यानं जराक बघजा. बल्बाखाली गोळा झाले अन् एकमेकायच्या अंगावर चढून राह्यले तं त्यायले थंडी वाजून राह्यली समजा. मंग दोरी एक गाठ खाली घ्याची. लांब पळून चोची उघडून बसले तं एक गाठ वर. पसरून राह्यले तं समदं बरं हाय. दुसरं काई करू नका."

"दुसरं काय करू मी? नाचू त्यायच्यापुढं?" उत्तमराव म्हणाले.

"तेच म्हनतो," मयूरी म्हणाली आणि गेली.

तेच म्हणते! चौतीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर गाड्या वळल्या त्याला ही सांगून गेली, दुसरं काही करू नका. अकरा वाजता ते उठले नाहीत. बारा वाजता उठले. वारा जाळ्यांतून सरळ आत येत होता आणि पिल्लं बल्बाखाली ढीग करून बसली होती. वरची खालच्यांच्या पाठीवर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. तिने सांगितलं होतं तसंच, अगदी शब्दाला शब्द. दोरी हातभर अंतरावर होती. एक गाठ खाली घ्यायला लहान मूलही पुरलं असतं. आणि म्हणूनच उत्तमरावांचा हात उचलेना. सुनेने गाठ मारून दिलेली दोरी, ती आपण सोडायची, पिल्लं पसरणार, संध्याकाळी ती येऊन बघणार, सांगितलेलं काम म्हाताऱ्याने नीट केलं. एवढंच राहिलं होतं आता. ते कूलरच्या कडेला हात टेकून बघत राहिले आणि बघता बघता त्यांना खरी चूक सापडली. ती इतकी ढळढळीत होती की त्यांना मोठ्याने हसू आलं. खाली तूस! भाताचं तूस आणि रद्दी! बाजूच्या रानात, रस्त्यात, काट्याकुट्यांवर, बाभळीच्या फांद्यांवर जिथे कापूस उडून लटकतो त्या जिल्ह्यात, कापसावर ज्याची हयात गेली त्याच्या घरात, ऊब पाहिजे तर ही बाई तूस अंथरते. का, तर लुंगीवाला सांगतो. तो तिकडे गोदावरीच्या खाली भात पिकवतो, त्याला तूसच दिसणार. आपलं काय आहे ते यांना कधी दिसायचंच नाही. या घरातल्या कुणाला कधी दिसलंच नाही.

पलंगाखालची लोखंडी पेटी त्यांनी गुडघे टेकून ओढली. आत मालनबाईचा शालू होता, घराचे कागद होते आणि तळाला उशीच्या अभ्र्यात बांधलेला नमुना होता. निवृत्तीच्या शेवटच्या हंगामातला, चौतीस वर्षांतला सगळ्यांत चांगला. सरकी काढलेली रुई, दुधासारखी, एक डाग नाही. त्यांनी चिमूट घेतली, दोन अंगठ्यांत धरून ओढली. धागा अजून तसाच होता, लांब, बारीक, आणि तुटता तुटत नव्हता. मालनबाईने एकदा वातींसाठी यातला मूठभर मागितला होता. "देवाले काय, कवडीबी चालते," ते म्हणाले होते. ती हसली होती आणि कवडीच्याच वाती वळत बसली होती. आता सगळा अभ्रा त्यांनी व्हरांड्यात आणून रिकामा केला, खाली बसले आणि बोटांनी पिंजायला लागले. गुठळ्या सुटत गेल्या, कापूस फुलत गेला, मांडीवर मावेना. किती वर्षांनी बोटं त्यांच्या कामात होती. ही बोटं वर्षानुवर्षं नुसती वर्तमानपत्राची पानं उलटत होती, याची त्यांना दया आली. पिल्लांना एका हाताने बाजूला सारत त्यांनी कापूस कूलरभर अंथरला, कोपऱ्यांत दाबला, बल्बाखाली जरा जाड केला. पिल्लं आधी बिचकली. मग एकाने पाय टाकला, तो आत बुडाला. दुसरं त्याच्या मागे गेलं. अर्ध्या तासात ती सगळी त्या मऊपणात शिरून बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा कूलर गप्प झाला. उत्तमराव खुर्चीत येऊन टेकले. आतमध्ये काहीतरी सैल झालं होतं; आनंद झाला होता असं म्हटलं तरी चालेल. आपण पिल्लांसाठी काही केलं, हा विचार त्यांना शिवला नाही. त्यांना दिसत होतं ते मयूरीचं तोंड. पाच वाजता ती येईल, आत वाकून बघेल, आणि तिला काही बोलता येणार नाही.

त्या शांततेत त्यांना झोप लागली. पुरती झोप नव्हे. दुपारची ती पातळ झोप, जिच्यात माणसाला आपण घोरतो आहोत हेही ऐकू येतं. मालनबाई जमिनीवर पाटी घेऊन बसली होती. भैंशाहून ते नुकतेच आदिलाबादला राहायला आले होते आणि शेजारच्या मास्तरणीकडे ती दुपारची तेलुगू अक्षरं शिकायला जायची. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं, सगळं तेलुगूत, मले काईच वाचता येत नाई, म्हणायची. पाटीवर तिने गोल गोल अक्षरं काढली होती, एकाला एक चिकटलेली. उत्तमरावांनी उभ्याउभ्याच बघितलं. "जिलब्या तळून राह्यली का?" ते म्हणाले होते. एवढंच. त्यांना तर आपण गंमत केली असं वाटलं होतं, आणि भारतही हसला होता, तेव्हा तो दहा वर्षांचा असेल. मालनबाईने पदराने पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी ती शेजारी गेली नाही, त्याच्या दुसऱ्याही दिवशी गेली नाही. पाटी कुठे गेली ते त्यांना कधी कळलं नाही. पुढे तिच्या शेवटच्या आजारात तिला दवाखान्यात सोडून ते औषध आणायला गेले आणि परत आले तर ती भलत्याच दारासमोर बाकावर बसलेली, तास झाला तरी, हातात कागद धरून. "वाचता नाई आलं का? पाटी लावेल हाय एवढी मोठी," ते चिडून म्हणाले. मालनबाईने पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि कागदाची घडी घातली. ती काय बोलली ते आठवायचा ते झोपेत प्रयत्न करत होते. ती काही बोललीच नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते शोधत होते.

फाटकाची कडी वाजली तेव्हा साडेचार झाले होते. मयूरी लवकर आली होती. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती आधी कूलरपाशी गेली. उत्तमरावांनी डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. चार तास ज्याची वाट पाहिली ते बघायला. तिचं तोंड उघडं राहिलं. "अगं माय," एवढंच ती म्हणाली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात आत घातले. ते उठून गेले. कापूस सगळीकडून चालत होता, म्हणजे पिल्लं चालायला बघत होती आणि त्यांच्याबरोबर कापूस ओढला जात होता. प्रत्येक पायाला तंतू गुंडाळले होते, बोटांच्या बेचक्यांत, घोट्यावर, ओल्या शीने चिकटून; पिल्लू पाय ओढी तसा तंतू आवळत होता. तीन-तीन, चार-चार एकाच धाग्याने एकमेकांना बांधली गेली होती; एक ताटलीकडे जाऊ बघे, दुसरं बल्बाकडे, आणि दोघंही पडत. दोघांच्या गळ्याभोवती फास बसला होता. एकाच्या चोचीतून पांढरी वात बाहेर लोंबत होती. उरलेली त्याच्या घशात होती. पिल्लं गप्प का होती ते आता कळत होतं. लांब धागा. कवडी कापूस असता तर केव्हाच तुटला असता.

मयूरीने त्यांच्याकडे वर बघितलंच नाही. "चष्मा कुठी हाय तुमचा?" ती म्हणाली. "घाला. अन् माह्या शिवनाच्या डब्ब्यातली लहान कैची आना. लवकर, मामाजी." ते गेले, डबा शोधला, कात्री आणली. तिने एक पिल्लू त्यांच्या तळहातावर ठेवलं. "पाय धरा. वढू नका. सोडवा." ते फरशीवर बसले. नखाएवढा पाय, त्याच्यावर केसाहून बारीक तंतू, मांसात रुतलेला. चष्म्यातूनही तो दिसत नव्हता, फक्त लागत होता. पण बोटांना तो बरोबर सापडत होता. अंगठा आणि तर्जनीच्या मधे त्याचं टोक येत होतं, वेढा उलटा सुटत होता, एक, दोन, सात, अकरा. मयूरीच्या बोटांना ते जमत नव्हतं. ती कापायची आणि कधी कातडी कापली जायची. तिने अवघड होती ती पिल्लं त्यांच्याकडे सरकवायला सुरुवात केली. दीड तास असा गेला. दोघं एका बल्बाच्या उजेडात डोकं खाली घालून बसले होते. तिने रागवावं, किंचाळावं, भांडी आदळावीत, असं त्यांना वाटायला लागलं. रागावली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेचं काय करायचं असतं हे त्यांना येत नव्हतं. मेलेली ती जुन्या वर्तमानपत्रावर एका ओळीत ठेवत होती. चार झाली. पहिल्या रात्रीचं धरून पाच.

त्यांच्या हातात एक काळपट होतं. त्याचा धागा पूर्ण सुटला होता, पाय सुजून काळानिळा पडला होता, तरी ते उभं राहायला बघत होतं. "सुटला," ते हळूच म्हणाले. मयूरीने मान हलवली नाही. पिल्लाने तळहातावर एकदा पंख पसरले, जणू आळस द्यावा, आणि मग ते एका कुशीवर कललं. त्याचं डोकं त्यांच्या अंगठ्यावर आलं. उत्तमरावांनी दुसरा हात त्याच्यावर धरला, बल्बाजवळ नेला, फुंकर घातली. ते हलकं झालं. इतक्या हलक्या वस्तूला आणखी हलकं होता येतं, हे त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. बाहेर स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला, फाटक वाजलं. उत्तमरावांनी मूठ मिटली आणि ती स्वेटरच्या खिशात घातली.

"अरे बाप रे," भारत दारातूनच म्हणाला. मग कागदावरची ओळ पाहून तो बूट न काढताच थांबला. "किती गेले?"

"पाच," उत्तमराव म्हणाले. "पयल्या रातीचं धरून."

"पाचच? मंग अजून जमते, नाई का." तो त्या नाकातल्या हसण्याने हसला. "कायनं मेले?"

मयूरी पाठमोरी होती, पिल्लांना कापडाने पुसत होती. कोपऱ्यात पांढऱ्या कापसाचा ढीग पडला होता. उत्तमरावांना एकच शब्द बोलायचा होता, आणि एकच शब्द बोलायची तर त्यांना सवय होती.

"थंडीनं," ते म्हणाले.

मयूरीचा हात थांबला. क्षणभरच. "सहा," ती म्हणाली, न वळता. "सहावं मामाजीच्या खिशात हाय. अन् थंडीनं नाई मेली, कापसानं मेली."

भारतने बापाकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. त्याचं हसणं तोंडावर तसंच राहून गेलं होतं. "मंग?" तो म्हणाला. "सहा म्हन्जे... बंद?"

"बंद काऊन?" मयूरी आता वळली. "अट तुमी दोघा बापलेकायनं घातली व्हती. मले कोनी इचारलं व्हतं? चौतीस जित्ते हायेत. उद्या संघमच्या बायायले मी सोता सांगतो, काय झालं ते. त्यायच्या घरीबी कापूसच हाय, त्यायले मालूम असाले पायजे." मग तिने उत्तमरावांपुढे हात केला. तळहात वर, सरळ. मागत नव्हती, नुसती वाट बघत होती.

त्यांनी खिशातून मूठ काढली. वाटेत, का कोण जाणे, त्यांच्या दुसऱ्या हाताने वरून खिसा एकदा थोपटला. मयूरीने ते काळपट पिल्लू चिमटीत घेतलं, उजेडात धरून त्याचा पाय पाहिला, बोटाने तो सरळ केला आणि ओळीच्या शेवटी ठेवून दिलं. उत्तमराव तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. आता ती शब्द बोलेल. माणसं अशी उभी राहायची, ढिगाच्या पलीकडे, हात लोंबते सोडून. शब्द येईपर्यंत ती श्वास घेत नाहीत, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांनी वर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाट पाहिली. शब्द आला नाही. तिने फक्त कागदाची घडी घातली आणि ती घेऊन परसाकडे निघाली.

"दोरी एक गाठ खाली घ्या, मामाजी," जाता जाता ती म्हणाली.

उत्तमराव कूलरपाशी गेले, गाठ चाचपली आणि बल्ब खाली घेतला. तुसावर पिल्लं आधी एकमेकांच्या अंगावर होती. मग थोड्या वेळाने, तिने सांगितलं होतं तशी, ती हळूहळू पसरली.